एकाच स्वयंपाकात तिघांची पथ्यं: शेंगदाणा, गहू आणि साखर सांभाळणाऱ्या घरासाठी

घरात मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, सुनेला सीलिअ‍ॅक (गव्हाने आतड्याला इजा होणारा आजार) आणि आजींना मधुमेह असं त्रिकूट जमलं की सुरुवातीला बहुतेक घरांत तीन वेगवेगळे स्वयंपाक सुरू होतात. मुलाची भाजी वेगळी, सुनेची भाकरी वेगळी, आजींचं बिनसाखरेचं वेगळं. रांधणारी व्यक्ती ओट्यापाशीच अडकून पडते आणि थकली की चुका होऊ लागतात. एकाच उलथण्याने दोन कढया हलवल्या जातात, घाईत चुकीचा डबा उघडला जातो. वर प्रत्येकाला आपण घराला भार झालो असं वाटायला लागतं, ते वेगळंच.

आमच्या घरी हीच तीन पथ्यं आहेत. अनुभवाने माझं मत पक्कं झालंय की स्वयंपाक एकच हवा. त्याचा पाया तिघांनाही चालेल असा ठेवायचा आणि वेगळेपणा शेवटी, ज्याच्या त्याच्या ताटात आणायचा. हे कसं जमवायचं ते क्रमाने सांगते.

आधी निदान, मग स्वयंपाकघर

पथ्य कशासाठी आहे हे डॉक्टरांकडून नेमकं समजून घेतल्याशिवाय एकही डबा हलवू नका. गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सीलिअ‍ॅक हे दोन वेगळे आजार आहेत. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्यावर औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपचार. संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. गहू बंद असेल तर रक्तातल्या अँटीबॉडी कमी होतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

दुधाचंही असंच आहे. दुधातली साखर पचत नसेल, म्हणजे लॅक्टोज सोसत नसेल, तर ताक, दही, तूप बहुतेकांना चालतं. पण दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर तुपातला उरलासुरला अंशही त्रास देऊ शकतो. गाईचं चालत नाही म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं द्या, हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो धोक्याचा आहे. या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना दुसऱ्याचीही रिअ‍ॅक्शन येते.

घराबाहेर काय जाईल आणि कोपऱ्यात काय राहील

आमच्याकडे शेंगदाणा घराबाहेर आहे, पूर्णपणे. त्याच्या अ‍ॅलर्जीत काही मिनिटांत जिवावर बेतू शकतं आणि त्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. गहू मात्र घरात आहे. बाकीच्यांची पोळी बंद करणं निभावणार नाही हे मला माहीत होतं, आणि न निभावणारा नियम चोरून मोडला जातो. चोरून मोडला गेलेला नियम सीलिअ‍ॅकवाल्यासाठी सगळ्यात वाईट.

शेंगदाणा काढायचा म्हणजे कुटाचा डबा रिकामा करून भागत नाही. मराठी स्वयंपाकात तो कुठे कुठे बसलेला असतो ते एकदा बसून लिहून काढा. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची आमटी, अळूचं फदफदं, चिवडा, तिळगूळ, भरल्या भाजीचे तयार मसाले, वडापावची सुकी लाल चटणी. मिठाईच्या दुकानातली शेंगदाण्याची कतली तर काजूकतलीच्या शेजारी ठेवली तर ओळखूही येत नाही. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून तेही नको. अति शुद्ध केलेल्या तेलात तो फारच कमी असतो, पण घरात दोन प्रकारची शेंगदाणा तेलं ठेवून रोज हिशेब करण्यापेक्षा करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल आणलं की विषय मिटतो. आणि भाजल्याने किंवा तळल्याने शेंगदाण्यातली अ‍ॅलर्जी जाते हा समज खरा नाही. उलट भाजलेला दाणा उकडलेल्यापेक्षा अधिक त्रासाचा ठरतो.

जुनं मिक्सरचं भांडं, ज्यात वर्षानुवर्षं कूट झालंय, ते मी ठेवणार नाही. पात्याखालची फट आणि झाकणाचं रबर कितीही घासलं तरी मनासारखं निघत नाही. स्टीलची भांडी मात्र साबणाने नीट घासली की वापरायला हरकत नाही. बाहेरून कुणी दाणे खाऊन आलं तर हात साबणानेच धुवायचे. नुसतं पाणी किंवा सॅनिटायझर पुरत नाही, शेंगदाण्याचं प्रथिन त्याने हातावरून निघत नाही.

गव्हाचा कोपरा

कणीक उडते, हेच तिचं मुख्य दुखणं. परातीत पीठ ओतलं की बारीक धूळ ओटाभर बसते, शेजारच्या उघड्या पातेल्यातही जाते. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: आधी भाकरी, भात, भाजी, आमटी असं सगळं बिनगव्हाचं करायचं, झाकायचं, उचलून ठेवायचं, आणि कणीक त्यानंतरच काढायची. पोळ्या झाल्या की ओटा ओल्या फडक्याने पुसायचा, ते फडकं लगेच धुवायला टाकायचं.

पोळपाट, लाटणं, चाळणी, लाकडी उलथणं आणि तवा हे सगळं सीलिअ‍ॅकवाल्या व्यक्तीसाठी वेगळं हवं. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ अडकतं, ते धुऊन निघत नाही. वेगळ्या वस्तूंना लाल धागा बांधा किंवा रंगाचा ठिपका द्या, म्हणजे मदतीला येणाऱ्या ताईंनाही विचारावं लागणार नाही. या वस्तू आणि बिनगव्हाची पिठं नेहमी वरच्या फळीवर, गहू खालच्या. वरून खाली सांडतं, खालून वर नाही.

आता दळणाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात. ज्वारी मुळात ग्लुटेनमुक्त आहे. पण गिरणीत ती गव्हामागून दळली की पहिलं पीठ गव्हाच्या अवशेषांसकट येतं. गिरणीवाल्याने कितीही सांभाळलं तरी दिवसभर त्याच जात्यातून गहू जात असतो. घरघंटी असेल तर बहुतेक घरांत गहू घरी दळतात आणि ज्वारी-बाजरी बाहेरून आणतात. हे उलटं करा. गहू गिरणीत पाठवा आणि घरघंटी फक्त ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळासाठी ठेवा. आधी तिच्यात गहू दळून झाला असेल तर ती आतून पूर्ण स्वच्छ झाल्याची खात्री देता येत नाही, तेव्हा ती गव्हाला देऊन टाकावी आणि दुसरी घ्यावी. खर्च आहे, पण घरात सीलिअ‍ॅक असेल तर मी बाकी कुठल्याही उपकरणाआधी हा खर्च करेन. दळण्यापूर्वी धान्य निवडा. पोत्यातून सुट्टी आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. निवडून, धुऊन, वाळवून मगच दळा. डाळीही तशाच निवडून घ्या.

काही नावं फसवी आहेत. रवा, मैदा, दलिया, शेवया हे सगळे गव्हाचेच. खपली गहू जुना आणि पौष्टिक म्हणून विकला जातो, पण तोही गहूच, सीलिअ‍ॅकला चालत नाही. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. थालिपिठाच्या भाजणीत गहू घालण्याची पद्धत आहे, तेव्हा विकतची आणण्याआधी विचारा. घरी करताना गहू वगळून ज्वारी-बाजरी वाढवली तर चवीत काही उणं वाटत नाही. ओट्सही ग्लुटेनमुक्त असा छापील दावा असेल तरच घ्या.

आणि हिंग. डबीत शुद्ध हिंग क्वचितच असतो, तो कशात तरी मिसळून बांधलेला असतो, आणि अनेकदा ते गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. चिमूटभरच पडतो म्हणून याकडे दुर्लक्ष होतं, पण तो रोज प्रत्येक वरणात, भाजीत पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग बाजारात मिळतो. तो आणा आणि मिसळणाच्या डब्यातली जुनी वाटी धुऊनच भरा.

लेबल वाचायची रीत

आपल्याकडे एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार काही घटक पाकिटावर अ‍ॅलर्जीकारक म्हणून जाहीर करावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर म्हणजे कोळंबी-खेकडा, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेलं सल्फाइट (पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ते). ही माहिती बहुधा ‘कंटेन्स’ या शब्दामागे असते. ‘मे कंटेन’ म्हणजे त्याच कारखान्यात तो पदार्थ हाताळला जातो, अंश येऊ शकतो. तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर असं पाकीटही परत ठेवा.

तीळ, मोहरी आणि हरभरा मात्र या यादीत नाहीत. आपल्याकडे हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणारी माणसं आहेत, तिळाचीही आहेत. त्यांनी नुसती अ‍ॅलर्जीची ओळ वाचून थांबू नये, घटकांची पूर्ण यादी वाचावी. ‘ग्लुटेन फ्री’ असं छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये असा नियम आहे. नेहमीच्या ब्रँडचं पाकीटही दर वेळी वाचा, कारण घटक बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच राहतो. सुट्टं फरसाण, सुट्टा मसाला, सुटी मिठाई यांना लेबलच नसतं. आमच्या घरी ती येत नाहीत.

कुटाशिवाय चव कशी येते

कूट चव तर देतंच, शिवाय पाणी शोषतं, रस्सा दाट करतं आणि पदार्थ मोकळा ठेवतं. त्याची जागा भरताना यांतलं कुठलं काम हवंय ते बघा. भरल्या वांग्याला भाजलेलं सुकं खोबरं, थोडे तीळ आणि दाटपणासाठी डाळ्याचं पीठ. कोशिंबिरीला ओलं खोबरं. ताटात डावीकडे वाढायला कारळ्याची किंवा जवसाची चटणी, जी माझ्या मते दाण्याच्या चटणीपेक्षा भाकरीबरोबर जास्त खुलते. हे पर्याय देताना त्या व्यक्तीला तीळ चालतात का, हे डॉक्टरांकडून आधी खात्री करून घ्या.

सगळ्यात अवघड साबुदाणा खिचडी, कारण कुटाविना तिचा गोळा होतो. साबुदाणा तीन-चार पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वरचा पिष्टाचा थर गेला पाहिजे. मग पाणी साबुदाण्याच्या जेमतेम बरोबरीने ठेवून भिजू द्या, वर तरंगेल इतकं नको. दाणा बोटांत दाबल्यावर पूर्ण चेपला गेला की भिजला. भिजल्यावर तो चाळणीत पसरून अर्धा तास सुकू द्या, ही पायरी टाळू नका. सोललेल्या सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, मिक्सरला थांबत थांबत फिरवा, सलग फिरवल्या तर तेल सुटतं. हे भरड कूट, मीठ आणि चिमूटभर साखर कढईत घालण्याआधीच साबुदाण्याला चोळून घ्या. तुपात जिरं, मिरची आणि बटाट्याच्या काचऱ्या शिजल्या की साबुदाणा घाला, उलथण्याने खालून वर करा आणि दाणे पारदर्शक दिसायला लागले की गॅस बंद. झाकण फार वेळ ठेवलं की वाफेने चिकटते. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

उपासाचं खाणं सीलिअ‍ॅकवाल्याला सोयीचं असतं. राजगिरा, वरई, शिंगाडा, साबुदाणा, रताळं, सगळं बिनगव्हाचं. अडचण फक्त दाण्यांची, आणि ती वरच्या रीतीने सुटते. दाण्याच्या आमटीऐवजी नारळाच्या दुधात आमसूल, मिरची आणि जिऱ्याची फोडणी देऊन, चमचाभर राजगिऱ्याच्या पिठाने दाट केलेली आमटी वरईच्या भातावर घ्या. मूळ आमटीची आठवण काढणारे आमच्याकडे आता उरलेले नाहीत.

भाकरी

ग्लुटेन नसल्याने ज्वारीचं पीठ ताणलं जात नाही. बांधून ठेवायचं काम पिठातल्या पिष्टावर येतं, आणि पिष्ट उकळत्या पाण्याने चिकट होतं. म्हणून नवशिक्यांनी उकड काढावी. पिठाइतकंच पाणी मीठ घालून उकळायचं, पीठ टाकून ढवळायचं, झाकण ठेवून पाचेक मिनिटं तसंच राहू द्यायचं आणि हाताला सोसेल इतकं गरम असताना भरपूर मळायचं. अशी भाकरी लाटताही येते. पीठ मात्र ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग कितीही मळलं तरी कडा फाटतात. म्हणूनही थोडं थोडं, आठवड्यापुरतंच दळावं.

रोज ज्वारी नको असेल तर आठवड्यातून दोनदा नाचणी ठेवा. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि आतड्याला इजा झालेल्या माणसाला त्याची गरज जास्त असते.

आजींचं ताट

ग्लुटेन नाही म्हणजे साखर वाढणार नाही, असं अजिबात नाही. तांदळाची भाकरी, साबुदाणा, तांदळाच्या पिठाची बिस्किटं सीलिअ‍ॅकला चालतात आणि मधुमेह्याची साखर भराभर वाढवतात. इथे तिघांचा सामाईक पाया ठरतो तो असा: ज्वारी किंवा बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एक पालेभाजी, एक कोशिंबीर. हे सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढता येतं. मुलाला वर भात आणि तूप, बाकीच्यांना हवी तर पोळी, आजींना एक भाकरी आणि उसळ-भाजी दुप्पट. ज्वारी असली तरी दोनाच्या तीन भाकऱ्या झाल्या की साखर वाढणारच, म्हणून धान्याइतकंच माप महत्त्वाचं. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग भाकरी, हा क्रमही उपयोगी पडतो.

आजी उपास करणार असतील तर गोळ्या किंवा इन्सुलिनचं प्रमाण आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा. न खाता नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम खाली जाते. साबुदाण्याऐवजी वरई थोडी आणि भोपळ्याची किंवा काकडीची भाजी भरपूर, सोबत ताक.

फराळाचा दिवस

दिवाळीत सगळं एकाच कढईत तळलं जातं, म्हणून क्रम लिहून भिंतीवर लावा. ताज्या तेलात पहिल्यांदा चकली आणि अनारसे, कारण चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची आणि अनारसे तांदळाचे. शंकरपाळे आणि करंज्या शेवटी, आणि त्यानंतरचं तेल बिनगव्हाच्या कशालाही वापरायचं नाही. बेसन लाडू मुलाला आणि सुनेला दोघांनाही चालतात, आजींना मात्र साखरेमुळे जपूनच; बेसन घरी दळलेलं असेल तर अधिक चांगलं. पातळ पोह्यांच्या चिवड्यात दाण्यांऐवजी डाळं आणि खोबऱ्याचे काप थोडे जास्त घाला. गणपतीत तळणीच्या मोदकांऐवजी उकडीचे केले की गव्हासाठी वेगळं काही करावंच लागत नाही, आजींना फक्त गोडाचं माप सांभाळायचं.

उंबऱ्याबाहेर

“एवढ्याशाने काय होतंय?” हे वाक्य प्रत्येक समारंभात ऐकू येतं, बहुतेकदा प्रेमाने बोललेलं. लांबलचक समजावत बसू नका. “त्याला दाणा खाल्ला की श्वास लागतो, दवाखान्यात न्यावं लागतं,” एवढं एक वाक्य पुरतं. पंगतीला जाताना मुलाला आणि सुनेला घरून जेवूनच न्या किंवा डबा सोबत ठेवा. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कळवा, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं काहीही खायचं नाही हा नियम मुलाला कारणासकट सांगा. कारण कळलं की लहान मुलंही तो मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

फ्रिजवर एक कागद हवाच. अंगावर गांध्या उठणं, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, सतत खोकला, धाप, पुन्हा पुन्हा उलटी, एकदम गळून जाणं, यांपैकी काही शेंगदाणा खाल्ल्यावर दिसलं तर काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तीव्र रिअ‍ॅक्शनवर पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शनने. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशात मिळणारं अ‍ॅड्रेनालिनचं तयार, घरच्या घरी टोचायचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून घरी काय ठेवायचं, डोस किती आणि ते कुणी टोचायचं, हे आधीच ठरवून, शिकून घ्या. रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, चालवू नका. 108 ला फोन करा. बरं वाटलं तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहावं लागतं, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

पथ्य सुरू राहिलं तरी तपासण्या थांबवू नका. सीलिअ‍ॅकमध्ये अँटीबॉडीची चाचणी ठरलेल्या अंतराने परत केली की स्वयंपाकघरात अजून कुठून गहू येतोय का ते कळतं. आकडा उतरत नसेल तर हिंग, दळण आणि तळणाचं तेल या तीन जागा सगळ्यात आधी तपासा. दुधाची आणि अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ मुलांची वाढत्या वयात जाते, शेंगदाण्याची थोड्याच मुलांची. ती गेली का, हे घरी अर्धा दाणा देऊन बघायचं नाही. ती परीक्षा दवाखान्यात, डॉक्टरांसमोरच घ्यायची.